तेल बंद केल्यावर

एकशे साठ

हिंमतराव : मी एवढंच विचारतो, दादामियाँ. इंजिन चालू होतं का बंद?

दादामियाँ : बंद होतं.

हिंमतराव : झालं मग. उद्या कचेरीत साहेबांसमोर एवढंच सांगायचं आणि घरी यायचं.

दादामियाँ : तेल बंद केलं होतं म्या. चाक फिरत होतं.

हिंमतराव : चाकाचं कुणी विचारलेलं नाही.

दादामियाँ : पण कमळीला चाकानं मारलं, मालक. तेलानं न्हाय मारलं.

हिंमतराव : हळू बोला, दार उघडं आहे. हे बघा, कचेरीतल्या कागदावर रकाने दोनच असतात. इंजिन चालू, इंजिन बंद. चालू असलं तर दोष गिरणीवाल्याचा. बंद असलं तर ज्याचा जीव गेला त्याचा. तिसरा रकाना सरकारनं ठेवलेला नाही.

दादामियाँ : निजामाच्या कागदावर बी न्हवता.

हिंमतराव : मग आता मुंबई राज्यात तरी कुठून येणार? मला एक सांगा, बंद केलेल्या इंजिनात माणूस मारायचा दम आला कुठून?

दादामियाँ : चालू असताना जे तेल जळतं ते समदं दाण्यात जात न्हाय. पहिलं ते चाकात जाऊन बसतं. त्याचा काठ बघा की किती जाड हाय. मधे नुसत्या आऱ्या, वजन समदं काठाला. उगं न्हाय तसं केलेलं. तेल बंद केलं की आत बसलेलं बाहेर निघायला लागतं. जात्यात दाणं असलं तर एकशे साठ फेऱ्या निघतं. रिकामं असलं तर त्याहून जास्ती.

हिंमतराव : एकशे साठ. एकशे एकुणसाठ नाही.

दादामियाँ : कधी एखादी कमी, कधी एखादी जास्त. काठाला खिळा मारलाय, वर पत्र्याची पट्टी बांधलीय. फेरीला एकदा टक वाजतं. सहा वरसं मोजतोय.

हिंमतराव : कल्याणप्पा मास्तर बाजारात सांगत फिरायचे ते हेच ना? दादामियाँला चाक वाचता येतं म्हणून.

दादामियाँ : मास्तर आधी मला हसले होते. त्यांना म्हटलं, इंजिन निम्म्या गतीवर आणून बंद केलं तर किती फेऱ्या निघतील? म्हणाले, ऐंशी, त्यात काय एवढं. मोजल्या तर चाळीस. दुसऱ्या दिवशी परत मोजल्या, परत चाळीस. तवा ते शाळेतलं पुस्तक घेऊन आले आन हितंच पोत्यावर बसून वाचलं. म्हणाले, दादामियाँ, पुस्तक तुमच्या बाजूनं हाय. गती अर्धी झाली की जोर पावच राहतो.

हिंमतराव : त्या दिवशी चहा पाजला होतात सगळ्यांना.

दादामियाँ : पाजला होता.

हिंमतराव : बरं. आता हे ऐका, वाचतो. "इंजिन बंद करून मिस्त्री नमाजास गेले असता मयत बाई नामे कमल ही विनापरवानगी व चोरून गिरणीत शिरली, व स्वतःच्या हलगर्जीपणाने तिचा पदर चाकाच्या दांड्यात गुंतून गळ्यास फास बसून मयत झाली." खाली तुमची सही.

दादामियाँ : चोरून न्हाय.

हिंमतराव : काय?

दादामियाँ : चोरून शिरली न्हवती. बाकी लिहा.

हिंमतराव : मग कशी शिरली? गिरणी बंद झाल्यावर माझ्या जात्यात चिपटंभर ज्वारी ओतत होती. कुणाला विचारून?

दादामियाँ : मला.

हिंमतराव : त्या दिवशी?

दादामियाँ : रोज. आधी तिची आई यायची, मग ती यायला लागली. तेल बंद केलं की ती दाणं टाकायची. चिपटंभर भरडून निघायचं. दोघी मायलेकींच्या भाकरी व्हायच्या.

हिंमतराव : किती वर्षं?

दादामियाँ : नऊ.

हिंमतराव : नऊ वर्षं. आणि मला आज कळतंय.

दादामियाँ : तुमचं तेल लागत न्हवतं, मालक. बंद केल्यावरच्या फेऱ्या व्हत्या. त्या तशा बी वायाच जायच्या.

हिंमतराव : तेल माझंच की. आत्ता तुम्हीच म्हणालात, चाकात जाऊन बसतं म्हणून.

दादामियाँ : व्हय. म्हणालो.

हिंमतराव : बसा. उभे राहू नका असे. मी रागावलो नाही. चिपटंभर पिठानं माझी गिरणी बुडाली नाही. पण हे तुम्ही उद्या साहेबांना सांगितलंत तर काय होईल? तिला तुम्हीच बोलावलं, चाक फिरत असताना तुम्हीच सोडून गेलात, असं होईल. या वयात तुम्ही तुरुंगात जाणार. तुमच्या पोराच्या, सादिकच्या नोकरीसाठी बार्शीला शब्द टाकलाय मी, तोही जाईल.

दादामियाँ : सादिकचं मधे आणू नका.

हिंमतराव : मी आणत नाही, ते आपोआप येतं. आणि अजून एक. बोलू नये, पण बोलतो. पोलीस ॲक्शनच्या वेळी इथं जे झालं ते लोक आत्ता कुठं विसरायला लागलेत. मियाँच्या हातून आमची पोर गेली, असं एकानं नुसतं म्हणायची खोटी. मग मी सुद्धा दारात आडवा उभा राहिलो तर किती वेळ राहणार? पोर तर गेली. तिला आता कागदावर चोर म्हटलं काय आणि साव म्हटलं काय.

दादामियाँ : कुठं करू?

हिंमतराव : इथं, खाली. उर्दूत केलीत तरी चालेल. बास. तुम्ही चांगले आहात, मियाँ. मी कधी नाही म्हटलं? कागद या मापाखाली ठेवतो. संध्याकाळी गडी येईल, त्याच्याकडे द्या. आणि आज एकदा इंजिन चालवून बघा, पट्टा ढिला पडलाय का ते. परवापासून गिरणी सुरू करायची. नऊ दिवस लोक हातानं दळतायत. कोण आहे दारात?

कस्तुराबाई : म्या हाय, कमळीची आई.

हिंमतराव : या, कस्तुराबाई. गिरणी बंद आहे अजून.

कस्तुराबाई : दळाया न्हाय आले, मालक.

हिंमतराव : बरं. बसा. मी निघतच होतो.


चाळीस

कस्तुराबाई : कुठं उभी व्हती ती?

दादामियाँ : तिथं. जात्याच्या अंगाला.

कस्तुराबाई : हितं?

दादामियाँ : अजून जरा भिंतीकडं, अक्का.

कस्तुराबाई : तिचं लुगडं दिलं मला पोलिसांनी. एवढं पिळलेलं, सुटंना. दोन दिवस पाण्यात ठिवलं. तवा सुटलं.

दादामियाँ : पाणी देऊ?

कस्तुराबाई : नगं. एक काम घेऊन आले. गावात म्हणतेत, कमळी चोरून दळत व्हती. नागूबाई आडावर म्हणाली, मला ऐकू जाईल असं. रोजच चोरत असंल, एक दिस गावली, म्हणाली. म्या तिथंच घागर ठिवली आन आले. तुमी उद्या कचेरीत जाणार म्हणं. तिथं तेवढं सांगा, तिनं चोरलं न्हाय म्हणून. बाकी काय बी सांगा, माझं म्हणणं न्हाय.

दादामियाँ : म्या सही केली, अक्का.

कस्तुराबाई : कशावर?

दादामियाँ : चोरून शिरली म्हणून. त्या मापाखाली कागद हाय.

कस्तुराबाई : बसते जरा.

दादामियाँ : बसा. कमळीचा बाप गोरोबा असता तर त्यानं मला विचारलं असतं. म्हणला असता, दादा, ॲक्शनच्या येळी माझ्या कडब्याच्या गंजीत नऊ रात्री ठिवला व्हता तुला. भाईर लोक कुऱ्हाडी घेऊन फिरत व्हते, आन म्या तुझ्यासाठी भाकरी आणत व्हतो, धाटं आणाया चाललो म्हणून.

कस्तुराबाई : ते आमच्या घरात कुणी कधी बोललं न्हाय. तुमीच बोलता दर येळी.

दादामियाँ : त्याला मला काय देता आलं? मालकाच्या चाकातल्या उरलेल्या फेऱ्या.

कस्तुराबाई : कमळीला लई वाटायचं त्या फेऱ्यांचं. म्हणायची, चाचाच्या फेऱ्या सातबाऱ्यावर माझ्या नावानं चढवून घेते.

दादामियाँ : मला म्हणाली व्हती, चाचा, तुमचं चाक मरता मरता दोन भाकरी देतं, माझा नवरा जित्तेपणी एक देईना.

कस्तुराबाई : हे मला न्हवती म्हणाली.

दादामियाँ : हसत व्हती.

कस्तुराबाई : मग सांगा. नऊ वरसं तुमी ते थांबेस्तोवर तिथून हलला न्हाय. माझ्या येळेला न्हाय, तिच्या येळेला न्हाय. त्याच दिशी का गेला?

दादामियाँ : दिस लहान झालेत, अक्का. मगरिबची, दिस बुडायची अजान झाली व्हती. ती नमाज थांबत न्हाय. आन चाक अर्ध्या गतीवर आलं व्हतं. अर्ध्यावर आलं की त्याच्यात पाव जोर राहतो. एकशे साठातल्या चाळीस फेऱ्या.

कस्तुराबाई : पावानं काय व्हतंय, असं वाटलं.

दादामियाँ : तसंच वाटलं. माझे शब्द हेच व्हते. तिला बी म्याच शिकवलं व्हतं. चाक पळत असताना पदर खोचायची ती, लांब राहायची. अर्ध्यावर आलं की म्या म्हणायचो, आता भ्यायचं कारण न्हाय, आता त्याच्यात काय राहिलं न्हाय. मग ती वाकून कडेचं पीठ गोळा करायची. माझं ऐकायची ती. हलगर्जी न्हवती.

कस्तुराबाई : मला दाखवा.

दादामियाँ : काय?

कस्तुराबाई : त्या चाळीस. आमच्या घरातलं माणूस कशानं गेलं ते मला बघू द्या की. हा तिचा डबा हाय. अर्ध दाणं तसंच राहिल्यात ह्यात, त्या दिशीचं. हेच टाका.

दादामियाँ : अक्का, नगं.

कस्तुराबाई : मालक म्हणले न्हाय व्हय, चालवून बघा? बघा की चालवून.

दादामियाँ : पदर खोचा. तसा न्हाय, पार कंबरेला. आन त्या खांबापाशी उभ्या राहा. तिथून पाऊल पुढं टाकायचं न्हाय.

(इंजिन. बराच वेळ कुणाचं बोललेलं ऐकू येत नाही.)

दादामियाँ : बंद केलं. टाकलं दाणं.

कस्तुराबाई : हे तर तसंच पळतंय की.

दादामियाँ : पळणारच. अजून त्याला ठाऊक न्हाय.


दहा

— आता आवाज ऐका, अक्का. टक आन टकच्या मधी जागा पडायला लागली.

— व्हय.

— हे अर्ध. हितं म्या उठलो. टोपी घातली. म्हटलं, कमळे, म्या जातो. ती म्हणाली, जावा, चाचा, म्या लोटून घेते दार. एक. दोन.

— मोजू नका. जावा तसंच. हौदापतूर जावा, म्या हितं थांबते.

— न्हाय. आता थांबेपर्यंत हलत न्हाय म्या. सहा. सात. मशिदीची भिंत हीच, पलीकडं हौद. टक टक तिथं बी ऐकू येतं. म्या चपला काढल्या. अकरा. बारा. सवय हाय, मोजायचं म्हणून मोजत न्हाय, आपोआप मोजलं जातं. हात धुतले. सोळा.

— तिनं हाक मारली?

— न्हाय ऐकली. खरं सांगतो. एकवीस. बावीस. तोंडावर पाणी घेतलं. चोवीस. पंचवीस. सव्वीस.

— पुढं?

— सत्तावीस आला न्हाय.

— आता तर आला. हे काय, चालूच हाय की.

— आज चालू हाय. त्या दिशी सव्वीसवर आवाज बंद झाला.

— तुमाला ऐकू आलं ते?

— आलं.

— आन?

— म्हटलं, पोरीनं दाणं जास्त टाकलं आज. जड गेलं चाकाला, म्हणून चौदा आधीच थांबलं. हिशेब बसला, अक्का. मनात बसला हिशेब. आन म्या नमाजला उभा राहिलो.

— दाणं तर डब्यात अर्ध तसंच व्हतं.

— व्हय. ते म्या मागनं बघितलं.

— ह्याच त्या चौदा? आता चालल्यात त्या?

— ह्याच. आता दहा राहिल्या.

— त्या दिशी ह्या कुठं गेल्या मग?

— अक्का.

— चाकात बसलेलं कुठंतरी जातंच, असं तुमी सांगायचा तिला. दाण्यात जातं न्हायतर कुठंतरी. ह्या चौदा कुठं गेल्या?

— कमळीत गेल्या. एकदम गेल्या. एका फेरीत चौदा.


अर्धी

— कागद घ्या तो, मापाखालचा. तुमच्या हातानं चुलीत घाला. उद्या म्या तोंडानं सांगतो. नऊ वरसं म्याच दळू दिलं, सांगतो. सव्वीस सांगतो, चौदा सांगतो.

— लिहून घेतील?

— रकाना न्हाय म्हणतील.

— सादिकचं?

— ते त्यालाच सांगतो आज. चार. तीन.

— लई हळू झालं. पीठ बी पडंना.

— दोन.

— थांबलं?

— न्हाय अजून. पुढं जात न्हाय, पण थांबलं न्हाय. इंजिनाच्या आत कोंडलेला वारा त्याला मागं ढकलतो. शेवटाला ते उलटं येतं जरा.

— उलटं? मागं येतं?

— व्हय. बघा, आलं.

— किती येतं?

— अर्धी फेरी. त्याच्यावर न्हाय येत.